मेसचा ताळेबंद: डिपॉझिट कुणाचं, देणं कुणाचं, आणि आपलं भांडवल खरं किती

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांची मेस चालवतात. गेल्या एप्रिलात सुरू केली, आज चाळीस मुलं जेवतात. वाढीव कर्जासाठी बँकेने 31 मार्चचा ताळेबंद मागितलाय. भाच्याने टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करून दिल्या, तर त्यात 60,000 रुपये तोटा दिसतोय. त्यांचं म्हणणं असं: पंगत रोज भरलेली असताना तोटा कसा? डिपॉझिट मालमत्तेत धरायचं की देण्यांत? आणि "मी माझेच पैसे घातले, तर ते देण्यांच्या बाजूला का दिसतात? मी माझीच देणेकरी आहे का?" सोबत त्यांनी सगळ्या आकड्यांची यादी दिली आहे.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचे निम्मे आपोआप सुटतात.

मी लिखापढीला लागलो तेव्हा मार्केट यार्डातल्या एका पेढीवर एक म्हातारे दिवाणजी होते. मलाही हाच प्रश्न पडला होता. त्यांनी वही माझ्यासमोर ढकलली आणि म्हणाले, "ही वही शेटजींची नाही, दुकानाची आहे. दुकान बोलतंय असं समजून वाच." म्हणजे दुकान म्हणतं: माझ्याकडे एवढा माल आहे, एवढी रोकड आहे, अमक्याकडून एवढं येणं आहे. हे सगळं उभं कुणाच्या पैशांवर राहिलं? एवढे बँकेचे, एवढे व्यापाऱ्यांचे, आणि बाकीचे शेटजींचे. दुकानाच्या तोंडून ऐकलं तर शेटजीसुद्धा पैसे देऊन बसलेला एक माणूसच. फरक एवढाच की बाकीच्यांना ठरलेली रक्कम ठरलेल्या वेळी द्यावी लागते, आणि शेटजींना सगळ्यांचं देऊन जे उरेल ते. उरलंच नाही तर काहीच नाही.

तर तुम्ही तुमच्या देणेकरी नाही, तुमची मेस तुमची देणेकरी आहे. कायद्याच्या नजरेत एकल मालकीच्या धंद्यात तुम्ही आणि मेस एकच, कर्ज बुडालं तर बँक तुमच्याच दारात येणार. पण हिशेबाच्या वहीत दोघी वेगळ्या. पासबुकाचं कोडंही यातूनच सुटतं. तुम्ही बँकेत पैसे भरता, तुमच्या वहीत बँक नावे (डेबिट) पडते, आणि पासबुकात मात्र 'जमा' (क्रेडिट) छापून येतं. पासबुक हा बँकेच्या वहीचा उतारा. तुमचे पैसे हे बँकेचं देणं.

आता वर्गवारी. पुस्तकात मालमत्ता, देणी आणि भांडवल यांच्या व्याख्या असतात, त्या चुकीच्या नाहीत. पण माणूस चुकतो तो व्याख्येत नाही, नावात. आपल्या भाषेत एकच शब्द दोन्ही बाजूंना फिरतो. तुमच्या यादीतच असे तीन शब्द आहेत: डिपॉझिट, उचल आणि भांडवल. म्हणून खात्याचं नाव झाकून ठेवायचं आणि विचारायचं: या रकमेसाठी उद्या कोण कुणाच्या दारात जाणार? मेस जाणार असेल तर ती मालमत्ता. मेसच्या दारात दुसरं कुणी येणार असेल तर देणं. कुणीच कुणाकडे जाणार नसेल तर दोनच शक्यता: वस्तू मेसच्या मालकीची आहे, किंवा तो आकडा तुमच्या भांडवलाचा भाग आहे.

डिपॉझिट घ्या. जागामालकाला दिलेले 1,50,000 आणि गॅस एजन्सीकडे सिलिंडरांचे 10,000. जागा सोडताना तुम्ही मागायला जाणार, म्हणून मालमत्ता. चाळीस मुलांचे प्रत्येकी 1,000 याप्रमाणे 40,000 तुमच्याकडे आहेत. मेस सोडताना मुलं मागायला येणार, म्हणून देणं. भाच्याने तिन्ही खाती टॅलीतल्या 'डिपॉझिट्स' या ग्रुपखाली टाकलीत. नाव जुळलं, टाकलं. पण तो ग्रुप मालमत्तेचा आहे, टॅलीने त्याच्या नावापुढे तसं लिहिलेलंही असतं. परिणाम असा की 1,60,000 मधून 40,000 वजा होऊन तुमच्या ताळेबंदात डिपॉझिटपुढे 1,20,000 दिसतात. बेरीज बरोबर जुळते, म्हणून कुणाला संशय येत नाही. मुलांचं डिपॉझिट चालू देण्यांखाली, म्हणजे वर्षाच्या आतल्या देण्यांखाली, वेगळं खातं उघडून न्या.

यात हसण्यासारखं काही नाही. उमेदवारीच्या काळात मी एका क्लासचं विद्यार्थ्यांचं डिपॉझिट दोन वर्षं उत्पन्नात दाखवलं होतं. मालक खूश, नफा फुगलेला. मग एका जूनमध्ये मोठी बॅच बाहेर पडली, पोरं पैसे मागायला रांगेत उभी राहिली आणि तिजोरीत काही नव्हतं. शिव्या मी खाल्ल्या, त्या योग्यच होत्या.

दुसरा शब्द उचल. तुमच्या दोघा कामगारांनी गावी जाताना 12,000 उचल घेतली, ती पुढच्या पगारातून कापणार. म्हणजे मेसचं त्यांच्याकडे येणं आहे: मालमत्ता. ही नोंद भाच्याने बरोबर केली आहे. तुम्ही दर महिन्याला घरखर्चाला 20,000 घेतलेत, वर्षाचे 2,40,000. तीही उचलच, पण मालकाची. ती परत मागायला कुणी येणार नाही, आणि तो मेसचा खर्चही नाही. मेसने तुम्हाला तुमचेच पैसे परत दिले. ही रक्कम थेट भांडवलातून वजा होते. भाच्याने ती 'घरखर्च' म्हणून खर्चात घातली आहे, आणि तुमच्या तोट्याचं मोठं कारण तेच.

त्या 60,000 चा माग काढू. तोट्यातून घरखर्च बाहेर काढला की 1,80,000 नफा होतो. थांबा, आणखी आहे. अठरा मुलांनी एप्रिलचे प्रत्येकी 3,000 मार्चमध्येच दिले, ते 54,000 उत्पन्नात धरलेत. एप्रिलचं जेवण अजून शिजलेलंच नाही. 31 मार्चला ते मुलांचं देणं आहे. पैशांत नाही फेडायचं, थाळ्यांत फेडायचं, पण देणं ते देणंच. उरले 1,26,000. एप्रिलचं भाडं 25,000 तुम्ही मार्चमध्ये देऊन टाकलंत. ते या वर्षाचा खर्च नाही, पुस्तकी भाषेत पूर्वदत्त खर्च, आणि तो मालमत्तेत जातो. झाले 1,51,000. उलट मार्चचा कामगारांचा पगार 26,000 एप्रिलच्या पाच तारखेला दिलात, पण घाम मार्चचा होता. खर्च मार्चचा, आणि 31 तारखेला ते देणं. उरले 1,25,000. मार्चची मुलांकडची थकबाकी 24,000, त्यातली दोन मुलं 6,000 ठेवून गाव सोडून गेलीत, फोन उचलत नाहीत. ते 6,000 येणं म्हणून मिरवण्यात अर्थ नाही: 1,19,000. शेवटी घसारा, म्हणजे वापराने वस्तूंची वर्षभरात घटलेली किंमत. शेगड्या, फ्रीज, कणीक मळायचं यंत्र, मोठी पातेली मिळून 2,40,000 ची खरेदी. आयकराच्या दराने यंत्रसामग्रीवर 15 टक्के, म्हणजे 36,000. भाच्याने धरलाच नव्हता. हाती उरतात 83,000.

म्हणजे मेसला तोटा नाही, 83,000 नफा आहे. पण लगेच पेढे वाटू नका, भांडवलाकडे यायचंय.

त्याआधी बाकीची खाती पटकन. रोख 8,400 आणि चालू खात्यातले 61,600 यांबद्दल वाद नाही. तांदूळ, डाळ, तेल वगैरे शिल्लक 42,000, ती खरेदीच्या भावाने धरलीत ते ठीक. किराणा व्यापाऱ्याचं 58,000 हे देणं. मुद्रा कर्ज, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतलं, 3,00,000 घेतलं होतं, किशोर गटातलं, त्यातलं 2,10,000 मुद्दल बाकी. इथे भाच्याने हप्त्यातलं व्याज खर्चात आणि मुद्दल कर्जखात्यात असं बरोबर फोडलंय, शाबासकी द्या त्याला. हे फार लोक चुकतात, अख्खा हप्ताच खर्ची टाकतात.

बाकडी आणि टेबलं जागामालकाची आहेत असं तुम्ही लिहिलंय. मग ती रोज वापरत असलात तरी तुमच्या ताळेबंदात येणार नाहीत. स्कूटर तुमच्या यजमानांच्या नावावर आहे, घरच्या पैशातून घेतलेली. भाजी आणायला वापरता तेवढ्यावरून ती मेसची होत नाही. भाजीच्या फेऱ्यांचं पेट्रोल खर्चात टाका, स्कूटर काढून टाका. आणि "आमच्या मेसचं पेठेत नाव आहे, त्याची किंमत धरायची का" याचं उत्तर नाही असंच आहे. स्वतः कमावलेलं नाव वहीत येत नाही. उद्या कुणी चालती मेस तुमच्याकडून विकत घेतली आणि नावाचे म्हणून दोन लाख जास्त मोजले, तर ते घेणाऱ्याच्या वहीत येतील.

उलाढाल वर्षाची साडेचौदा लाखांच्या आसपास दिसते, 20 लाखांच्या आत, म्हणून जीएसटीत शिरत नाही.

राहिले मेस उभी करताना तुमच्या दादांनी दिलेले एक लाख. ही तुमच्या यादीतली सगळ्यात अवघड रक्कम, कारण तिचं उत्तर वहीत नाही, तुमच्या दोघांत आहे. दादा म्हणाले, "होईल तेव्हा दे." होईल तेव्हा का होईना, द्यायचेत, मग ते देणं. व्याज नाही, मुदत नाही म्हणून ते भांडवल होत नाही. दादा म्हणाले असते, "राहू दे, तुझ्या धंद्याला माझ्याकडून," तर ती भेट. सख्ख्या भावाकडून मिळालेल्या भेटीवर बहिणीला आयकर लागत नाही. तुम्ही ती भेट मेसमध्ये घातलीत की ते तुमचं भांडवल. आणि दादांना नफ्यात वाटा हवा असेल तर प्रकरणच वेगळं, मग भागीदारीपत्र करावं लागेल आणि आजचा हा एकल मालकीचा ताळेबंद तिथेच संपला. काय ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे खात्यातून आले होते ना, तेही बघा. आयकर कायद्यात 20,000 किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेता येत नाही, भावाकडून असलं तरी. मी सध्या ते देणं धरतोय.

आता बेरजा. मालमत्तेच्या बाजूला रोख आणि बँक 70,000, शिल्लक माल 42,000, मुलांकडून येणं 18,000, कामगारांची उचल 12,000, पूर्वदत्त भाडं 25,000, दोन्ही डिपॉझिटं 1,60,000, आणि घसारा जाऊन यंत्रं-भांडी 2,04,000. एकूण 5,31,000.

देणी: मुलांचं डिपॉझिट 40,000, मुलांचे आगाऊ 54,000, पगार 26,000, किराणा 58,000, मुद्रा 2,10,000, दादा 1,00,000. एकूण 4,88,000.

5,31,000 मधून 4,88,000 गेले, राहिले 43,000. हे तुमचं भांडवल.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: "सहा लाखांचं भांडवल घालून मेस उभी केली." हा तो तिसरा शब्द. बोलताना आपण धंद्यात घातलेल्या सगळ्याच पैशाला भांडवल म्हणतो. त्या सहा लाखांत तीन बँकेचे होते, एक दादांचा. तुमचे दोन, पाटल्या मोडून आणलेले. वहीत भांडवल फक्त ते दोन.

आणि त्या दोन लाखांचे 43,000 कसे झाले ते एका ओळीत दिसतं: 2,00,000, त्यात नफा 83,000, वजा उचल 2,40,000. ताळेबंदातून काढलेला आकडा आणि या ओळीतून आलेला आकडा एकच आला. तो तसा यायलाच हवा. दोन वाटांनी वेगवेगळे आकडे आले की समजायचं कुठलं तरी खातं चुकीच्या घरात बसलंय. नवख्यांना मी नेहमी सांगतो, ताळेबंद जुळला म्हणून खूश होऊ नका, टॅलीत तो नेहमीच जुळतो. भांडवलाचं हे खातं दुसऱ्या वाटेने जुळवून बघा.

वर्षाला 83,000 कमावणाऱ्या मेसमधून तुम्ही 2,40,000 घरी नेलेत. वरचे 1,57,000 तुमच्या पाटल्यांमधून गेले. रोजच्या गल्ल्यात हे जाणवलं नाही, कारण गल्ल्यात मुलांचं डिपॉझिट होतं, एप्रिलचे आगाऊ होते, किराणावाल्याची उधारी होती. हातात रोकड असते, पण ती कुणाची हे नोटेवर लिहिलेलं नसतं. तुमच्याकडचे 70,000 बघा: त्याहून जास्त, 94,000, एकट्या मुलांचेच तुमच्याकडे आहेत. घरखर्च तुम्हाला लागतोच, तो करू नका असं मी कोण सांगणार. पण आज तो मेसच्या कमाईतून पूर्ण निघत नाही, हे बँकेच्या आधी तुम्हाला कळलेलं बरं.

बँक काय बघेल तेही सांगतो. ती मालमत्ता आणि देणी दोन्ही बाजूंना वर्षाच्या आतली आणि वर्षापुढची अशी फोडते. कंपन्यांना कायद्याच्या ठरलेल्या नमुन्यात तशी फोड दाखवावीच लागते. तुम्हाला तो नमुना बंधनकारक नाही, पण कर्ज अधिकारी डोळ्यांनी तेच करतो, म्हणून तुम्हीच करून न्या. तुमची चालू मालमत्ता 1,67,000 होते. जागेचं डिपॉझिट त्यात नाही, कारण करार आणखी दोन वर्षांचा आहे आणि तोवर ते हलणार नाही. सिलिंडरांचंही तसंच. चालू देणी: मुलांचं डिपॉझिट, आगाऊ, पगार आणि किराणा मिळून 1,78,000, शिवाय मुद्राच्या मुद्दलातला येत्या बारा महिन्यांचा भाग, तुमच्या हप्त्यांवरून साधारण 1,00,000. म्हणजे 2,78,000 देण्यांसमोर 1,67,000. चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागलं की गुणोत्तर 0.6. बँका 1.33 च्या जवळपास बघतात. मुलांचं डिपॉझिट कुणी वर्षभर मागणार नाही असं तुम्ही म्हणाल, पण मागितलं की द्यावं लागतं, म्हणून ते चालूच धरतात.

इथे दादांचा कागद कामाला येतो. बँकेचं कर्ज फिटेपर्यंत हे एक लाख परत मागणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं तर ताळेबंदात ते देणंच राहतं, पण बरेच अधिकारी मनात ते मालकाच्या पैशांच्या जवळ नेऊन ठेवतात. आणि त्यांनी खरोखर भेट म्हणून दिले असतील तर तुमचं भांडवल 43,000 ऐवजी 1,43,000. मात्र बँकेपुरती भेट आणि घरात कर्ज असं करू नका. असले कागद पुढे भावाबहिणींत वाद लावतात, मी पाहिलंय.

जुन्या वहीची सवय असलेलं कुणी घरात असेल तर त्यांना हे दाखवताना घोळ होईल. आपल्या पारंपरिक वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे, इंग्रजी वळणाच्या खतावणीत नावे डावीकडे. आणि ताळेबंदात पुन्हा भांडवल-देणी डावीकडे, मालमत्ता उजवीकडे. डावं-उजवं पाठ करू नका, दिवाणजींसारखं मेसला बोलू द्या.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. ती दोन मुलं 6,000 बुडवून गेली म्हणता, पण त्यांचं डिपॉझिट त्या 40,000 मध्ये आहे का? सध्याच्या चाळीस मुलांचंच असेल तर प्रश्न नाही. पण त्या दोघांचं अजून त्यात पडून असेल आणि मेसच्या नियमांत थकबाकी डिपॉझिटमधून कापायची असं लिहिलेलं असेल, तर 2,000 तिथूनच वळते करा. देणं 38,000 होईल, बुडीत 4,000, नफा 85,000 आणि तुमचं भांडवल 45,000. डिपॉझिटची वही काढून नावं ताडून बघा आणि मगच छपाई करा.